डॉक्टरम्मांच्या गाडीची बॅटरी

मद्रासेत हिवाळा नसतो, असं माझे पुण्याचे व्याही मला दर भेटीत ऐकवतात. ऐकवू देत बापडे. माणसांना नसेल, पण मोटारींना हिवाळा असतो, आणि तो मी रॉयपेट्ट्याच्या एका गॅरेजात, बॅटरीच्या खोलीत बसून उभी हयात पाहिला. तुमच्याकडे पाऊस उघडून आकाशकंदील लागतात, त्याच सुमाराला आमच्याकडे समुद्रावरून पाऊस येतो. गल्ल्यांतून पाणी तुंबतं, भिंतींना ओल चढते, आणि हे सगळं मार्गळी महिना, म्हणजे तुमचा धनुर्मास लागेपर्यंत चालतं. साध्या छपराच्या मोटारी त्यातूनही फुरफुरत जायच्या. पण ज्यांच्याकडे दोन माणसांची, कापडी छताची, जमिनीला पोट टेकेल की काय असं वाटणारी इंग्रजी गाडी असे, ते लोक पावसाच्या आधी ती आमच्याकडे आणून सोडत. या कामाला आम्ही ‘गाडी झोपवणं’ म्हणायचो.

गाडी झोपवणं म्हणजे नुसती झाकून ठेवणं नव्हे. तसं एका कॉफीच्या व्यापाऱ्यानं घरच्या घरी केलं होतं. ताडपत्री घट्ट बांधली आणि वर दोरखंड. पाऊस संपल्यावर सोडली तर सीटांवर हिरवी बुरशी, इंजिनाखाली बेडकांचं बिऱ्हाड आणि बॅटरी अशी मेलेली, की माझ्याकडे आणताना तो स्वतःच शरमला होता. खरी रीत अशी. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवायची, म्हणजे चाकांवर भार राहत नाही आणि टायर एकाच जागी चपटे होत नाहीत. पेट्रोलची टाकी रिकामी नव्हे, काठोकाठ भरून ठेवायची, नाहीतर आत गंज धरतो. धुराच्या नळीत बोळा कोंबायचा, उंदीर-घुशींची सोय नको म्हणून. कापडी छत उलगडून ताणून ठेवायचं, घडी घातली की ते घडीवरच कुजतं. सीटांखाली कडुलिंबाचा पाला. आणि दर आठवड्याला पुढून हँडल घालून इंजिन हातानं हळूच फिरवायचं, म्हणजे आतलं तेल जागच्या जागी थिजत नाही.

आणि बॅटरी काढून माझ्याकडे. लोकांना वाटतं, वापरली नाही तर बॅटरी टिकेल. उलट आहे. बॅटरीच्या आत शिशाच्या प्लेटा ॲसिडात उभ्या असतात. नुसती पडून राहिली की तिच्यातली वीज आपोआप झिरपून जाते, प्लेटांवर पांढरं मीठ चढतं, आणि ते एकदा कडक झालं की ब्रह्मदेव आला तरी उतरत नाही. म्हणून तिला झोपेतही थोडंथोडं पाजत राहावं लागतं. एक काचेची पिचकारी असते, तिच्यात ॲसिड ओढायचं, आतली नळी किती वर तरंगते ते पाहायचं, आणि त्यावरून बॅटरीची तब्येत ओळखायची. जास्त पाजलं तरी प्लेटा झडतात. माझी बायको म्हणायची, पोरांची इतकी काळजी घेतली असतीत तर बरं झालं असतं. तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

माझं नाव पंचापकेशराव. तिरुवैयारूच्या देवाचं नाव, आणि आम्ही तंजावरचे मराठे ब्राह्मण. एवढं लांब नाव गॅरेजात कोण घेणार, म्हणून सगळ्यांचा मी पंचू. गॅरेज मुदलियारांचं. त्यांची म्हातारी आई, जिला आम्ही सगळे पाट्टी, म्हणजे आजी, म्हणायचो, मागच्याच घरात राहायची आणि खरं राज्य तिचं होतं.

झोपायला येणाऱ्या गाड्यांत माझी लाडकी एकच. काळपट हिरव्या रंगाची, डॉक्टरम्मांची. या बाई सरकारी इस्पितळात बायकांच्या डॉक्टर होत्या, आमच्याच तंजावरच्या. लग्न केलं नव्हतं. सकाळी केसांचा घट्ट अंबाडा, त्यावर रुमाल बांधून समुद्राच्या रस्त्यानं अशा सुटायच्या की पोलीस आधी सलाम करायचा आणि मग शिट्टी वाजवायची की नाही याचा विचार करायचा. अडलेल्या बाळंतपणाची वेळ असली की तेवढा वेग कामाला येतो, असं त्यांचं म्हणणं. शोलावरमच्या जुन्या विमानतळावर गाड्यांच्या शर्यती होत, तिथंही त्या एक-दोनदा उतरल्या होत्या. पहिल्या कधी आल्या नाहीत. त्याचं त्यांना काही वाटतही नसे.

त्यांच्या गाडीत सीटांच्या मागे, फळीखाली, सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. उंच आणि अरुंद, इकडे कुठं मिळायच्या नाहीत अशा. किल्ली फिरवली की आधी मागे पेट्रोलच्या पंपाची टिकटिक सुरू व्हायची, मग स्टार्टरची खुंटी ओढायची. डॉक्टरम्मा ती टिकटिक डोळे मिटून ऐकायच्या. नाडी पाहण्याची सवय, दुसरं काय.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी त्या नेहमीसारख्या स्वतः गाडी घेऊन आल्या. “पंचू, मार्गळीच्या पहिल्या दिवशी मला ही जागी पाहिजे,” म्हणून सांगून चालत गेल्या. आणि चारच दिवसांत बातमी आली की इस्पितळाच्या ओल्या जिन्यावरून त्या पडल्या आणि डाव्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. आत पोलादी खिळा ठोकून हाड जोडलं म्हणे. त्यांच्याच इस्पितळात, त्यांच्याच खाटेवर त्यांना झोपवलं. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, “मी पडलेय, गाडी कुठं पडलीय? तिचं नीट बघ.”

आता आयुधपूजेचं सांगितलं पाहिजे. तुमच्याकडे खंडेनवमी असते, पण आमच्या तमिळ मुलखात त्या दिवसाचं महत्त्व कारागिराला विचारावं. पान्यापासून ड्रिलपर्यंत सगळी हत्यारं धुऊनपुसून, चंदन-कुंकू लावून देवापुढे मांडतात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी त्यांना काम करायला लावत नाही. गाड्यांना हार, केळीचे खुंट, आणि प्रसादाला चुरमुरे, डाळं, गूळ. आमच्या गॅरेजात या पूजेत एक खास ठराव होता आणि तो माझा होता. बॅटरीच्या खोलीत पूजा करायची नाही. माझी पिचकारी, नरसाळी, चिमटे मी अंगणात केळीच्या पानावर नेऊन मांडायचो आणि आरती तिथंच व्हायची. कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून वायू निघतो. त्याला ना वास ना रंग, पण ठिणगी दाखवली की तो बंदुकीसारखा उडतो. पाट्टीला हा ठराव पटलेला नव्हता. देवाच्या कापरानं कोणाचं वाईट होतं का, असं ती दरवर्षी विचारायची.

त्या वर्षी पाऊस लवकर आला आणि नेमका पूजेच्या सकाळी अंगणात पाणी भरलं. चार्जिंग मी पहाटेच बंद केलं होतं, पण खोली बंद होती, बॅटऱ्यांची बुचं उघडी होती, आत वायू कोंडलेलाच. मुदलियारांनी मला चुरमुरे आणायला पाठवलं. मी पुडे सांभाळत परत आलो तर काय, सगळी पूजा माझ्या खोलीत! गॅरेजातली तीच एक जागा उंच आणि कोरडी. बॅटऱ्यांना हळदीकुंकवाचे ठिपके, वर झेंडू, आणि पाट्टी कापराचं ताट घेऊन एकेका बॅटरीला मनोभावे ओवाळते आहे. मी दारातून “पाट्टी, वेंडाम!” म्हणून ओरडलो. वेंडाम म्हणजे नको. माझा आवाज ऐकून ती वळली, आणि ताट नेमकं डॉक्टरम्मांच्या एका बॅटरीवर आलं.

फाट्‌ असा आवाज झाला. झेंडूची फुलं छताला लागली, मधल्या सेलचं झाकण कुठल्या कुठं गेलं आणि पेटी उभी तडकली. ॲसिड बहुतेक सगळं भिंतीकडे उडालं, हे देवाचं देणं. मी पाट्टीला ओढून बाहेर नेलं आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं तिचे हातपाय धुतले. तिला ओरखडाही नव्हता. तिची रेशमी साडी मात्र पुढच्या धुण्यात चाळणी झाली, कारण ॲसिडाचं भोक लगेच दिसत नाही, धुतल्यावर दिसतं. त्या बाईनं साडीचं दुःख केलं नाही. ती एकच वाक्य धरून बसली. “त्या गाडीला आता डॉक्टरम्मा नको आहे. गाडीनं सांगितलं.”

हे वाक्य शेजारच्या मैलापुरात पोचायला वेळ लागला नाही. पोचलं ते नेमकं डॉक्टरम्मांच्या धाकट्या भावाच्या कानावर.

भुजंगराव वकील. कपाळावर अंगारा-अक्षता, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं हळू. आई लवकर गेली तेव्हा बहिणीनंच त्यांना वाढवलं होतं. एकदा अक्कानं त्यांना त्या गाडीतून कोर्टात सोडलं, तेव्हा वाऱ्यानं त्यांचं अंगवस्त्र उडून मागच्या बसच्या काचेवर बसलं. त्या दिवसापासून ते गाडीच्या जवळून जातानाही अंगवस्त्र धरून जात.

मी तेव्हा बॅटरीशी झगडत होतो. परदेशातून माल येणं बंद, त्या मापाची बॅटरी अख्ख्या मद्रासेत नाही. गिंडीला कारखान्यांची नवी वसाहत झाली होती, तिथं एका लहान कारखान्यात सुट्या सेलची रबरी भांडी मिळाली. आमच्या गल्लीतल्या सुतारानं ती बसतील अशी सागवानी पेटी केली, मी तिला आतून डांबर पाजलं. फुटलेल्या मधल्या सेलसाठी इकडच्या प्लेटा कापून, घासून त्या मापाच्या केल्या, बाजूचे दोन सेल जुनेच ठेवले. त्यांचे कान एकमेकांना शिशानं जोडत होतो, तेव्हा दारात सावली पडली.

“पंचूराव, तुमचेशी थोडं बोलायचं होतं,” भुजंगराव म्हणाले. आमची तंजावरची मराठी पुण्याच्या माणसाला जुन्या बखरीसारखी वाटते, पण आम्ही तीत भांडतो, रडतो, सगळं करतो.

मी ज्योत विझवली आणि त्यांना स्टूल पुसून दिलं.

“ही नीट होईल कीं?”

“होईल. थोडे दिवस लागतील.”

त्यांनी वाकून बॅटरीकडे पाहिलं. मग म्हणाले, “नक्को करूं. तशीच ठेवा. अक्का येईल, खुंटी ओढेल, गाडी बोलणार नाही. मी म्हणेन, आता पुरे झालं. फिल्म कंपनीचा एक माणूस विकत घेतो म्हणतो. डॉक्टर मला सांगटले, पुन्हा पडली तर ही उठणार नाही.”

“मग हे अक्कांना सांगा कीं.”

“तिचेपुढं माझं तोंड उघडत नाही, पंचूराव. कोर्टात दिवसभर बोलतो, आणि घरी तिनं ‘काय रे भुजंगा’ म्हटलं कीं झालं.” हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. “मला तीच एक आहे हो.”

मला राग यायला हवा होता. माझ्या खोलीत येऊन मला बॅटरी मारायला सांगणारा तो पहिलाच माणूस. पण त्या माणसाच्या तोंडाकडे पाहून राग येईना. मी म्हणालो, “वकीलसाहेब, तुमची भीती खरी आहे. पण बॅटरी माझेकडे ठेवायला दिलीय. ती मी बसलेली परत देत नाही. हे मला जमायचं नाही. अक्का गाडी चालवतील कीं विकतील, ते त्या ठरवतील. खुंटी ओढल्यावर गाडी बोलली पाहिजे, एवढंच माझं काम.”

ते उठले. दारात अंगवस्त्र सावरून म्हणाले, “सरी, बरं तर. मी आलो होतो हे तिला सांगू नका.” मी सांगितलं नाही. आज दोघंही नाहीत, म्हणून लिहितो.

नव्या सेलला पहिलं चार्जिंग फार हळू द्यावं लागतं, आणि त्या पावसात वीज सारखी जायची. गेली की मी हातपंख्यानं वारा घेत बसायचो आणि आली की पुन्हा पहिल्यापासून पिचकारी. जुने सेल आणि नवा सेल एका पेटीत नांदायला तयार नव्हते, नवा पुढे पळायचा, जुने मागे राहायचे. सासरी आलेल्या सुनेसारखं त्यांना सांभाळून घेत घेत अखेर सगळे एका पातळीवर आले, तेव्हा मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली, कारण दुसरं कोणी तिथं नव्हतं.

मार्गळीचा पहिला दिवस काही डॉक्टरम्मांना साधला नाही. त्या पोंगलच्या, म्हणजे तुमच्या संक्रांतीच्या, थोडं आधी आल्या. सकाळची थंडी, म्हणजे आमच्या मापाची थंडी, दारोदार तांदळाच्या पिठाच्या मोठ्या रांगोळ्या. भुजंगरावांनी त्यांना टॅक्सीतून उतरवलं. हातात काठी, चेहरा उतरलेला, अंबाडा मात्र तसाच घट्ट. गाडी आम्ही ठोकळ्यांवरून खाली घेतली होती. पाट्टी आली आणि चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवून बाजूला उभी राहिली. गाडी पहिल्यांदा हलताना लिंबं चिरडली की दृष्ट निघते, अशी आमच्याकडे रीत आहे. म्हातारीनं मनातून माघार घेतली होती, पण ती तोंडानं सांगणार नव्हती.

डॉक्टरम्मा काठी माझ्याकडे देऊन मोठ्या मुश्किलीनं आत बसल्या. किल्ली फिरवली. मागे टिकटिक सुरू झाली. त्यांनी डोळे मिटले. खुंटी ओढली आणि गाडीनं एका दमात हाक दिली. मी भुजंगरावांकडे पाहिलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

मग त्यांनी डावा पाय क्लचवर ठेवला. या गाडीचा क्लच जड, आमच्या मेकॅनिकलासुद्धा जड वाटायचा. पाय अर्धा गेला आणि थांबला. त्यांनी दात आवळून पुन्हा रेटला. पुन्हा अर्ध्यावर. इंजिन चालू होतं, लिंबं चाकांखाली तशीच होती. तिसऱ्यांदा त्यांनी हातानं गुडघा धरून दाबून पाहिलं. मग हात सोडला आणि सरळ पुढे पाहत राहिल्या. मला त्या वेळी वाटलं, भुजंगरावांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. बॅटरी मेलेली असती तर या बाईंना हे कळायचं तरी राहिलं असतं.

“बंद करूं का, अम्मा?” मी विचारलं.

“थांब रे,” त्या म्हणाल्या. “जरा ऐकूं दे.”

आणि त्या हसल्या. फार नाही, ओठांच्या कडेला. इंजिनाच्या आवाजाला मान हलवत, जसं कोणी जुन्या मैत्रिणीची बडबड ऐकतं तसं.

भुजंगराव गाडीच्या पुढं उभे होते. त्यांनी ते हसणं पाहिलं. अंगवस्त्र काढून त्यांनी पाट्टीच्या हातात दिलं, धोतर वर खोचलं आणि गाडीच्या दाराशी येऊन म्हणाले, “अक्का, पलीकडं सरक.”

“काय रे भुजंगा?”

“सरक म्हणून सांगटलं.” आयुष्यात पहिल्यांदाच ते बहिणीपुढं मोठ्यानं बोलले असावेत, कारण बोलून झाल्यावर स्वतःच दचकले. “मला शिकव. क्लच मी दाबतो. कधी दाबायचा ते तूं सांग.”

डॉक्टरम्मा हातांवर भार देत शेजारच्या सीटवर सरकल्या. मी सायकल काढली. म्हटलं, मागं कोणीतरी असलेलं बरं.

लिंबं चिरडली, ती एका झटक्यात चारही, आणि त्याच झटक्यात इंजिन बंद पडलं. डॉक्टरम्मा ओरडल्या, “सोड म्हटलं तर हळू सोड, खटला मागं घेतोस कीं काय!” पुन्हा खुंटी. गॅरेजच्या फाटकात बंद. पुन्हा खुंटी. प्रत्येक वेळी स्टार्टर फिरला की मी मनात बॅटरीचा हिशेब करायचो, कारण स्टार्टर बॅटरीचं रक्त पितो, आणि गाडी थोडी तरी पळाल्याशिवाय ते भरून निघत नाही. रस्त्यावरून दूधवाले, भजन म्हणत चाललेली मंडळी, सगळे थांबून पाहत होते. मैलापूरचे वकील, कपाळावर अंगारा, धोतर गुडघ्यावर, हिरव्या उघड्या गाडीत, आणि शेजारी अंबाड्याची बाई त्यांना प्रत्येक गिअरला शिव्या देतेय. मी सायकलवरून त्यांच्या पुढं गेलो, मागं आलो, पुन्हा पुढं गेलो.

समुद्राच्या रस्त्याला लागेपर्यंत ती किती वेळा बंद पडली, ते मी मोजायचं सोडून दिलं होतं. मग एकदा खुंटी ओढली तर स्टार्टर फक्त कण्हला. पुन्हा ओढली तर तेवढंही नाही. गिंडीची भांडी, सागवानी पेटी, इतक्या दिवसांचं माझं पाजणं, सगळं भुजंगरावांनी एका सकाळी संपवलं होतं.

मी सायकल टेकवून जवळ गेलो. दोघं बहीण-भाऊ समोर समुद्राकडे पाहत बसली होती. डॉक्टरम्मा हसत होत्या, या वेळी मोठ्यानं, पदरानं डोळे पुशीत. भुजंगराव घामानं निथळत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, “पंचूराव, बॅटरी बसली का?”

“बसली, वकीलसाहेब.”

“उद्या सकाळपर्यंत होईल कीं? उद्या परत यायचं आहे.”

मी फळी उचलून तिथंच, रस्त्यावर, बॅटऱ्यांच्या तारा सोडल्या. माझ्या सबंध नोकरीत इतक्या आनंदानं मी कधी बॅटरी चार्जिंगला नेली नाही.